काखेतला बूट

त्याच्या काखेखाली बुटाचा ठसा उमटला होता. तो पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चाकणजवळच्या एका लहान रुग्णालयात मी तेव्हा अपघात विभागात डॉक्टर होते. हा महाळुंग्याच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार. सांडलेल्या तेलावरून घसरला आणि खांदा निखळला. सुपरवायझरनं काय करावं? त्याला तिथंच आडवा पाडून काखेत सेफ्टी शूज घातलेला पाय रोवला आणि हात ओढला. बसला नाही म्हणून पुन्हा ओढला. मग आणलं माझ्याकडे.

"मागं एकाचा असाच बसवलाय मी, मॅडम," वर हे ऐकवत होता. "लाइन थांबली व्हती ना."

एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं. पण खांद्याच्या बाहेरच्या बाजूला कापूस टेकवला तर कामगाराला कळेचना. तिथली नस दुखावली की असं होतं. पडल्यानं दुखावली की ओढल्यानं, आता कोण सांगणार? मी सुपरवायझरला फैलावर घेतलं. माणसाचा हात म्हणजे काय गंजलेला नट वाटला का, असं बरंच काही बोलले.

"मॅडम," कामगार कण्हत म्हणाला, "वरडायलात तुम्ही, अन् आखडायलाय माझा खांदा."

खरंच होतं ते. माझ्या बोटांखाली त्याचे स्नायू दगड झाले होते. ते सैल पडल्याशिवाय खांदा जागेवर जात नाही, तिथं जोर कामाचाच नसतो. राग गिळून मी सुपरवायझरला बाहेर काढलं. कामगाराला दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. मग त्याचं कोपर अंगाशी धरून वाकवलं आणि हात हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवत राहिले. दुखलं की थांबायचं, सैल पडला की पुन्हा थोडं. घरी कोण कोण आहे ते विचारलं, मग त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल. तो बोलत असतानाच खांदा आत सरकला.

आता प्रश्न त्या नसेचा होता. "जाणीव आली नसेल तर पुढं तपासण्या कराव्या लागतील, दुर्लक्ष केलं तर हात अधू राहील," मी त्याला बजावलं. "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "बसला का, मॅडम? उद्या सेकंड शिफ्टला येईल ना? न्हाई तर दुसरा माणूस बघतो."

"लागतंय, मॅडम," कामगार डोळे घट्ट मिटून म्हणाला. "चांगलं लागतंय."

मी कापूस अजून टेकवलाच नव्हता.