अक्काच्या माहेरचा लाकडी पूल

अक्का गेल्याचा फोन सुरतेला शेजाऱ्यांकडे आला तेव्हा भाऊ, म्हणजे माझे वडील, दाढी करत होते. "मोठी बहीण गेली," एवढंच म्हणाले. अर्ध्या गालाला साबण तसाच... आम्ही अनेर नदीकाठच्या तिच्या गावी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. ऐन उन्हाळा, लोक तरी किती थांबणार?

अक्का माझी आत्या. तिचं सासर नदीच्या अलीकडे, माहेर पलीकडे, आणि मध्ये सातपुड्याच्या सागाचा जुना पूल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदी कोरडी पडली की दोन्ही गावच्या माहेरवाशिणी पुलाखाली, त्याच्या तुळयांना झोके बांधत. त्याआधी पुलाला जवसाचं तेल चोळायचं, आणि ते तेल लेकी असलेल्या घरांनी द्यायचं, असा रिवाज. कुणी हात आखडला की अक्का सगळ्यांदेखत विचारायची, "पोरीना डोकाले बी इतलंज लावस का वं?" मग वाटी काठोकाठ भरून यायची. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती!

पुढे वरच्या अंगाला सिमेंटचा पूल झाला आणि जुना पाडून लाकूड विकायचं ठरलं. गावातल्या काही जणांनी तर दारांच्या चौकटी मनातल्या मनात बसवूनही टाकल्या होत्या. मोजमापाला इंजिनिअर आले ते नेमके आखाजीला. साठी उलटलेली अक्का झोक्यावर बसली होती, ती उतरलीच नाही. "साहेब, पोरी माहेरले येल शेतस. पहिले कोनता झोका सोडू, तुम्हीच सांगा."

साहेब हसले, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. "अक्का, लाकूड जुनं आहे. उद्या भरल्या गाडीसकट कुणी खाली गेलं तर?"

"खरं शे," अक्का म्हणाली. "गाडी बंद करा. मानसे चालू द्या."

त्या वर्षी कापसाची पहिली गाडी लांबच्या सिमेंटच्या पुलावरून गेली ती अक्काच्याच घरची. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, वाटभर कुरकुरत होते म्हणे. कचेरीत तिने किती खेटे घातले कोण जाणे, पण पूल पायी चालणाऱ्यांसाठी राहिला. वारसा म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लेणी आठवतात. अक्काला तो शब्दही ठाऊक नसेल, पण वारसा वापरात ठेवावा लागतो हे तिला पक्कं कळलं होतं. मला तिचा फार अभिमान वाटतो.

एकदा मी विचारलं, एवढा जीव का गं त्या पुलावर? "मन्हा भाऊ सुरतले ग्या, घर इकी टाकं. आते मन्हं माहेर म्हणजे हाऊ पूल." घर विकणाऱ्याची लेक मीच समोर बसलेली. तिने माझ्या पानात आणखी एक खापरावरची पुरणपोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली.

आम्ही उशिरा पोचलो त्या दिवशी तिच्या सुनेने सांगितलं. बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि माहेरचं तर कुणीच नाही, म्हणून सगळे अडून बसले होते. तेवढ्यात पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्या लाकडी पुलावरून चालत आल्या, कोरं लुगडं घेऊन. "अक्का आमनी पोर शे," म्हणाल्या. "माहेरनं लुगडं आम्हीच लई उनूत."

भाऊ ओट्यावर बसून ऐकत होते. उठले, पूल ओलांडून गेले, आणि त्या एकेका म्हातारीच्या पाया पडून आले.