उतरले की उतरवलं

मंगळवार, १२ मे २०२६. ऊन बेचाळीस. मानपुरात मंगलावन्सं बऱ्या, खोकला कमी. परतीला मागवलेली टॅक्सी नेमकी शेजारच्या परेशची निघाली. वाटेत राऊच्या चौकात १.१० ला उतरले. पुढे रिक्षा. घरी २.०५. डोकं दुखलं.

माझ्या डायरीतल्या या नोंदीत एक शब्द खोटा आहे. तो पकडला परेशच्या आईने, यमुनाबाई जगदाळे यांनी.

यमुनाबाई एकोणतीस वर्षं एका स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये कामाला होत्या. तिथे खिळ्याला दोरीने तक्रारीची वही बांधलेली असे. पेन मात्र कधी नसे. यमुनाबाई घरून पेन नेत. एखादी बाई चिडलेली दिसली की वही आणि पेन स्वतःच पुढे करत. तक्रार त्यांच्याचविरुद्ध असली तरी.

"माझ्यावर दोन लागल्या," त्या सांगतात. "एक बिलकुल झूठी. दुसरी खरी. तापाचं लेकरू घेतलेल्या एका बाईला मी तिकीट नाही म्हणून बाहेर काढली होती. कुणी लिहिलं नसतं, तर पुढच्या बाईलाही काढली असती."

नवरा लवकर गेला. परेशला त्यांनी एकटीने वाढवला. आता घर त्याच्या टॅक्सीवर चालतं.

बुधवारी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"ताई, काल परेश जेवताना हसत सांगत होता, मावशीला राऊला मधेच टपकवलं म्हणून. खरं का?"

"अहो, त्याला एअरपोर्टची सवारी मिळाली. मी घरचीच, म्हणून..."

"डायरी काढा."

मी काढली. बसल्या वाहनाचा नंबर समासात, वेळ नि ठिकाण ओळीत, सगळं मी लिहून ठेवते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं.

"उतरले? तुम्ही उतरल्या, की त्याने उतरवलं?"

मी डायरी मिटू लागले.

"वा! तो तुम्हाला घरची समजून भर दुपारी सडकेवर सोडतो, आणि तुम्ही त्याला घरचा समजून चूप बसता. उद्या तिथे कुणी परकी बाई चक्कर येऊन पडली, तर ती कुणाच्या घरची?"

"यमुनाबाई, त्याची रोजी आहे. गाडी बंद झाली तर तुमची चूल..."

"चूल माझी आहे, ती मी बघेन. तुम्ही शब्द दुरुस्त करा."

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शाईने लिहायला आणि खाडाखोड न करायला शिकवलं. पन्नास वर्षांच्या डायऱ्यांत मी एक अक्षर खोडलेलं नाही. त्या दिवशी 'उतरले' खोडून वर 'उतरवलं' लिहिलं. मग टॅक्सी कंपनीला फोन लावला. तारीख, वेळ, गाडीचा नंबर सांगितला. गाडी चालवताना तो सारखा फोनवर बोलत होता, हेही सांगितलं. तेवढ्यात यमुनाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मैडम, ये सब सच है. लिखो."

"आप भी गाड़ी में थीं, आंटीजी?"

"नहीं. मैं ड्राइवर की माँ हूँ."

पलीकडची मुलगी म्हणाली, "तो आंटीजी, घर में ही समझा दीजिए ना."

"घर में तो वो बहुत अच्छा है. मुझे सड़क पर अच्छा चाहिए."

गुरुवारी कंपनीने परेशची गाडी चौकशी होईपर्यंत बंद केली. दुपारी तो तणतणत माझ्याकडे आला. यमुनाबाई माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या.

"मावशी, मम्मीचं जाऊ द्या, पण तुम्ही तरी! मला एक बार बोलायचं होतं ना. माफी मागितली असती."

"राऊच्या चौकात बोलले होते, परेश. 'बाबा, ऊन आहे, घरापर्यंत सोड,' म्हटलं होतं. तू काच वर केलीस."

त्याने मान वळवली. "दुसऱ्या कुणी शिकायत केली असती तर समजलो असतो. सगी आई!"

"सगी आहे, म्हणून आडून नाही केली," यमुनाबाई आतून म्हणाल्या. "नाव सांगून केली."

"मग आजपासून तुझ्या हातचं जेवणार नाही."

"नको जेवू. पण गाडी चालवशील तेव्हा सवारीला घरी पोचव."

तो गेला. यमुनाबाई मळून झालेली कणीक पुन्हा मळत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली. दोघीजणी मला समजवायला आल्या: म्हातारपणी कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा, जाऊ द्यायचं. मी त्यांना डायरीतला खोडलेला शब्द दाखवला. जाऊ द्यायचं म्हणून मीच तो खोटा लिहिला होता. आता कुणीही मला तसा लिहायला सांगू नये. पुन्हा कुणी वाटेत उतरवलं, तर पुन्हा नंबर देईन. मग तो माझा मुलगा का असेना.

गुरुवार, १४ मे. यमुनाबाई जेवायला इथेच. दोघींच्या पोळ्या सहा केल्या.