नळाजवळची सळई

साल दोन हजार चोवीस, मे महिना. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण शहाद्याला मोटारी भरायच्या दुकानात तीस वर्षं काढली. मोटार भरणं म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणं. केळीवाल्यांच्या किती मोटारी या हातांनी पुन्हा फिरत्या केल्या त्याची मोजदाद नाही. झाकण उघडल्यावर नुसत्या वासावरून सांगायचो, पाणी गेलंय की फेज गेलाय. अशा माणसाला पोरगा सुरतेहून फोनवर म्हणतो, "आबा, तो टीव्ही भंगारवालाले दी टाका. रविवारले मी नवा लई इसू."

"काबरं? मी मरी गऊ का?"

"तसं नही आबा. पण हाई मोटर नही शे. यामा कार्ड ऱ्हास."

"रविवारपर्यंत फॉल्ट नही सापडना, ते मन्ही पेटी बी भंगारमा दी टाकसू."

बोलून बसलो. पेटी म्हणजे माझी हत्यारांची लोखंडी पेटी. दुकान सोडताना तेवढीच घरी आणली होती. फोन ठेवला तो बुधवार होता, आणि तेव्हापासून बूड एका जागी टेकेना.

टीव्हीचं दुखणं असं, की बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, पडदा क्षणभर उजळायचा, आतून टक् असा आवाज आणि पुन्हा अंधार. मग लाल दिवा लुकलुकत राहायचा. मी तो पलंगावर पालथा घातला, मागचे स्क्रू काढले. फ्यूज चांगला. प्लगवर मीटर लावला, दोनशे वीस व्होल्ट. आतल्या मोठ्या कंडेन्सरवर तीनशेच्या आसपास, असायला हवे तेवढे. पण टीव्ही चालू करून पाहिलं तर ते तीनशे सरसर खाली यायचे, शंभराच्या घरात गेले की टक्. मी म्हटलं, सापडला चोर. कंडेन्सरात दम राहिला नाही.

गुरुवारी एसटीने शहाद्याला गेलो. उभ्याने गेलो, जागा रिकामी असून बसलो नाही. नवा कंडेन्सर आणला, लावला. तेच. मग त्याच्या अलीकडचे चार डायोड बदलले. तेच. प्रत्येक वेळी उठायचं, अंगणात जायचं, दारात उभं राहून परत यायचं.

"ओ, जरा बठा ना," घरवाली म्हणाली. "तुमनामुळे मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं."

"तू तुन्हं काम कर वं."

तिचं काम म्हणजे अंगणात नळाशेजारच्या फरशीवर भांडी घासणं. घरात मोरी आहे, पण तिला उघड्यावर बरं वाटतं. दोन वर्षांपासून ती म्हणायची, भांडी घासताना पायाला मुंग्या येतात, हात झिणझिणतो. मी तिला डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने शिरांच्या ताकदीच्या गोळ्या दिल्या. ती रोज एक खायची. मुंग्या काही जात नव्हत्या. मी म्हणायचो, "वय व्हयनं वं तुन्हं. मन्हाकडे दख, मले काही व्हस का?" मी चप्पल घातल्याशिवाय अंगणात उतरत नाही, हे मात्र मला तेव्हा आठवलं नाही.

शुक्रवारी सकाळी टीव्ही तासभर चालला. मी खुशीत झाकण लावलं. दुपारी पुन्हा टक्. झाकण पुन्हा काढलं. शनिवारीही तसंच, सकाळी सुरू, ऊन चढलं की बंद. मला वाटलं उकाड्याने कार्ड, आतली सर्किटची पट्टी, तापतंय. मी पंखा त्याच्या तोंडावर लावला, तर तो आणखी लवकर बंद पडला. उद्या दुपारी पोरगा येणार, पेटी समोर उघडी, आणि मी तिच्याभोवती फेऱ्या घालतोय.

शनिवारी जेवणं झाल्यावर टीव्ही समोर लुकलुकत होता. मी रागाने तसाच सोडून दिला. बाहेर घरवालीने भांडी विसळून बादली पालथी केली. पाण्याचा आवाज आला आणि टीव्हीवर चित्र आलं. चांगलं ठणठणीत चित्र, आवाजासकट.

मी खिडकीशी गेलो. "तू पानी कोठे टाकं?"

"रोज टाकस तठेच, नळजोडे. काबरं?"

"आखो एक बादली टाक."

"डोकं ठिकाणावर शे का तुमनं?" असं म्हणत तिने टाकली. तोवर मी पंखा लावला होता. पंखाही फिरला आणि टीव्हीही चालला. एरवी दोन्ही मिळून कधी टिकत नव्हते.

मी दारातच उभा राहिलो. नळाजवळ जमिनीतून चार बोटं वर आलेली सळई दिसत होती. ती मी ठोकलेली.

झालं होतं असं. मागे एका पावसाळ्यात टीव्हीच्या खोलीची न्यूट्रलची तार भिंतीच्या आत तुटली. विजेला जायला एक तार लागते तशी परत यायला दुसरी लागते. ती ही न्यूट्रल. आपल्याकडे शेतात असं झालं की माणूस जमिनीत सळई ठोकतो, मीठपाणी ओततो, आणि वीज त्या सळईतून मातीत सोडून काम भागवतो. अर्थिंग घेतली म्हणतो. मीही तेच केलं. भिंत फोडायची नव्हती. चार दिवसांपुरतं म्हणून केलं आणि अकरा वर्षं ठेवलं. वर ज्याला त्याला सांगितलं, बघा, भिंतीला छिन्नी न लावता काम केलं.

आता सळई गंजलेली, मे महिन्याची माती खडखडीत. टीव्ही बंद असताना वीज पुरी दिसायची, काम मागितलं की कोसळायची. माती ओली झाली की तेवढ्यापुरती उभी राहायची. मी आत सगळं मोजलं होतं. फक्त टीव्ही चालू असताना प्लग मोजला नव्हता, कारण ती वायरिंग माझी होती. माती सुकेपर्यंत थांबलो, मग मोजलं. नव्वद.

मग मला दुसरी गोष्ट सुचली. मीटर घेऊन अंगणात गेलो. फरशी ओली करून एक टोक सळईला, दुसरं टोक घरवाली बसते तिथे लावलं. काटा चाळीस व्होल्टवर गेला.

ती पदराला हात पुसत उभी होती. "काय दखाडस ते?"

"काही नही."

"मंग तोंड असं काबरं?"

मी आत जाऊन त्या खोलीचं मेन बटण पाडलं. परत आलो. म्हटलं, "तुन्ह्या मुंग्या इथल्या शेत. या सळईमधल्या."

ती सळईकडे बघत राहिली, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे.

"मंग त्या गोया मी कसाले खाधात?"

ती भांडी उचलून आत गेली आणि घरातल्या मोरीत ठेवली.

संध्याकाळी पोराचा फोन. "आबा, सापडना का फॉल्ट?"

"सापडना."

"कोठे व्हता?"

"अंगणमा," म्हटलं, आणि फोन तिच्याकडे दिला. ती काय सांगते ते ऐकायला थांबलो नाही. पेटी झाकली, पुन्हा उघडली, छिन्नी काढून उंबऱ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी मी भिंत फोडली. विजेच्या मीटरपासून खोलीपर्यंत नवी न्यूट्रल ओढली आणि सळई खणून काढली. निम्मी मातीतच मोडून राहिली, तीही टिकावाने बाहेर काढली. मग टीव्ही लावला, पंखा लावला, फरशीवर पाणी ओतून नळाला आणि फरशीला मीटर धरला. काटा हलला नाही. तिला हाक मारली. ती मोरीतून रात्रीची भांडी घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पायरी उतरेना. मी तिच्या हातातून भांडी घेतली, चपला काढल्या, ओल्या फरशीवर बसलो आणि घासायला लागलो.

"कढईले राख जास्ती लावा," ती दारातून म्हणाली.

मी लावली.