असईच्या बांधापर्यंत वॉकर

सर गाडीत अर्धे आत होते आणि अर्धे बाहेर. डोकं आत, एक पाय सीटवर, दुसरा सेलूच्या रस्त्यावर. नागनाथअप्पा काखेत हात घालून त्यांना वर उचलत होते आणि सर म्हणत होते, "सोड की बाबा, सोड." अप्पा सोडत नव्हते. ज्यांनी शाळेत आपल्याला शिकवलं त्या गुरुजींना असं रस्त्यावर कसं सोडायचं?

"अप्पा, बाजूला व्हा," मी म्हणाले.

"पडतेत की मॅडम."

"पडू द्या."

दारात उभ्या असलेल्या काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, माझ्याकडं असं पाहिलं की आज दुपारच्या डब्यातली एक पोळी माझी नक्की कमी झाली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. परभणीत माझं क्लिनिक आहे आणि सेलूच्या काही पेशंटना मी घरी जाऊन बघते. बरेच लोक आम्हाला मालिशवाल्या बायका समजतात. खरं तर आमचं काम मालिशपेक्षा कमी प्रेमळ असतं. ज्याला उठायचं नाही त्याला उठवायचं, आणि वर त्याच्या घरच्यांच्या शिव्या खायच्या.

गाडीत बसण्याला आमच्याकडं कार ट्रान्सफर असं भारदस्त नाव आहे. नियम मात्र साधा आहे. आधी बूड, मग पाय. सीट मागं सरकवायची, गाडीकडं पाठ करायची, बसायचं, आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की माणूस अलगद फिरतो. मी पिशवी अंथरली, सरांना उलटं उभं केलं आणि ते स्वतःचे स्वतः बसले. अप्पांचे हात तोवर हवेतच होते.

खंदारे सरांनी सेलूत आयुष्यभर इतिहास शिकवला. पावसाळ्यात अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड बसला, हाड जुळलं. सर्जननं कागदावर फुल वेट बेअरिंग असं लिहून दिलं, म्हणजे त्या पायावर पूर्ण भार द्यायला परवानगी. हाडानं आपलं काम चोख केलं होतं. सरांनी मात्र कामावर रुजू व्हायलाच नकार दिला होता. पुन्हा पडू ही भीती एकदा मनात बसली की एक्स-रे कितीही चांगला येवो, पाय उचलत नाही.

त्यात सेलूभर सरांचे विद्यार्थी. एक दाढी करायला यायचा, एक पेपर वाचून दाखवायचा. नागनाथअप्पांचा कापसाचा मोठा व्यापार, कपाळावर भस्माचे पट्टे, बाजारात त्यांच्या शब्दाला वजन. पण रोज सकाळी ते एका माणसाला सोबत घेऊन यायचे आणि सरांना उचलून बाथरूमपर्यंत न्यायचे. औषधाचा ओव्हरडोस असतो तसा मदतीचाही असतो. फक्त त्यावर उलटी करवणारं औषध मिळत नाही.

अडचण अशी होती की पुण्याहून सरांचा मुलगा मिलिंद रविवारी येणार होता. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. बाबांना अजून दोघांनी उचलावं लागत असेल तर तो आईबाबांना कायमचं पुण्याला नेणार. त्याचंही चुकत नव्हतं. काकूंची कंबर गेली होती आणि विद्यार्थी झाले तरी किती दिवस येणार?

"पुण्यात मला वळखतं कोण?" सर म्हणायचे. "तिथं माझा काय गणपती करून बसवायचाय?"

"मग चाला की सर."

"ते मातर जमायचं न्हाई."

आमच्या ट्रेनिंगमध्ये गोल सेटिंग शिकवतात. व्यायाम सांगण्याआधी पेशंटला विचारायचं, बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय? कोणी देवदर्शन म्हणतं, कोणी नातीचं लग्न. सर जरा लाजून म्हणाले, "असई बघायचीय."

असई म्हणजे जालना जिल्ह्यात भोकरदनच्या पुढचं गाव. ज्या इंग्रज सेनापतीनं पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तो त्याच्या कितीतरी आधी या असईला मराठ्यांशी लढला होता. सरांनी ही लढाई वर्गात इतक्या वेळा लढवली होती की फळ्यावरची नदी पुसून पुसून फळा पांढरा झाला असेल. पण स्वतः कधी गेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहून गेलं.

"जाऊ की," मी म्हणाले.

"पर मी गाडीतूनच बघणार. उतरणार न्हाई. सांगून ठिवतो."

मी बरं म्हणाले. आणि अप्पांना गुपचूप सांगून ठेवलं की गाडी अशा ठिकाणी उभी करा, जिथून काहीसुद्धा दिसणार नाही.

तर शुक्रवारी आम्ही निघालो. अप्पा गाडी चालवत होते, सर पुढं, मी आणि काकू मागं, डिकीत वॉकर. वाटेत सर भलतेच खुशीत होते. जालना मागं पडेपर्यंत त्यांनी निजामाची सगळी राजवट संपवली. अप्पा "व्हय सर, व्हय सर" करत होते. अप्पांना इतिहासातलं कितपत कळतं याची मला शंका होती, कारण त्यांच्या तोंडून मी आजवर कापसाच्या भावाशिवाय काही ऐकलं नव्हतं.

असईच्या शिवारात विचारत विचारत आम्ही एका गाडीवाटेला लागलो. दोन्ही बाजूंना उंच मका. गाडीतून पाहिलं तर मका, मका आणि थोडं आभाळ. पलीकडं शेताचा बांध होता आणि बांधावरून खाली नदी दिसायची, असं तिथल्या शेतकऱ्यानं सांगितलं. ते शेत त्याचंच होतं. मका बाजूला सारून त्यानं विचारलं, "कोण हायत?"

"सेलूचे गुरुजी हायत. पाय मोडलाय. लढाईची जागा बघायची म्हणतेत," काकू म्हणाल्या.

इथं माझा प्लॅन फसला. आपल्याकडं म्हातारा माणूस, त्यात गुरुजी, त्यात पाय मोडलेला. त्याला चालू देईल असं गाव मराठवाड्यात अजून वसायचंय. शेतकरी पळत आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर गेला आणि बाज घेऊन आला. मागून शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या दोन बायाही आल्या. एकीनं बाजेवर गोधडी टाकली. मी काही बोलायच्या आत अप्पांनी बाजेचा एक खूर धरला होता.

सर खिडकीतून ही तयारी समाधानानं बघत होते. "चालंल," ते म्हणाले. "असं चालंल."

मी अप्पांना हाताला धरून मक्याआड नेलं. माझा आवाज जरा चढलाच.

"तुमचं सरांवर प्रेम आहे ना?"

"हे काय इचारनं झालं मॅडम."

"मग ऐका. रविवारी सर पुण्याला जाणार, ते तुमच्यामुळं. त्यांचा पाय बरा झालाय. तुम्ही तो उचलून धरलाय, खाली टेकू देत नाही. आता बाज उचलली तर सरांना उचलायची ही शेवटची वेळ समजा."

अप्पांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

मी परत आले आणि माझा हुकमी एक्का काढला. आयुष्यभर वह्या तपासलेल्या माणसासमोर चूक झाली की तो गप्प बसू शकत नाही. मी शेतकऱ्याला मुद्दाम मोठ्यानं सांगू लागले, "दादा, इंग्रज त्या पुलावरून आले बघा."

"पूल कुठला?" गाडीतून आवाज आला. "पूल नव्हता. नदीतून आले, उतारावरून."

उतार म्हणजे नदीत जिथं पाणी कमी असतं, पायी पलीकडं जाता येतं ती जागा.

"हो का? आणि मराठे त्या डोंगरावर होते."

"डोंगर न्हाई तिथं. दोन नद्यांच्या मधी होते. केळणा आन जुई."

मी आणखी दोन-तीन चुका केल्या. सरांनी सगळ्या दुरुस्त केल्या, काच खाली करून, कोपर बाहेर ठेवून, अगदी आरामात. तास घ्यायला उठावं लागतं असं त्यांना वाटतच नव्हतं. शेतकऱ्याला आता माझी दया यायला लागली. "बसा ताई, पानी प्या," तो म्हणाला.

मी वॉकरला टेकून उभी राहिले. सर्टिफिकेट क्लिनिकच्या भिंतीवर टांगलेलं असतं, पण असल्या वेळी ते कुणालाच दाखवता येत नाही.

तेवढ्यात नागनाथअप्पा खाकरले. बायांकडं वळून, बोट भलतीकडंच करून, गंभीर आवाजात म्हणाले, "मावशे, ते झाड दिसायलंय का? त्या झाडाखाली नेपोलियन हारला."

मावशीनं त्या झाडाकडं बघून मान डोलावली.

"कोण हारला?" सरांनी विचारलं.

"नेपोलियन, सर. तुमीच शिकवलतं की. आपल्या मराठ्यांनी हाणला त्याला. मंग त्यो पळून सिल्लोडला गेला."

गाडीचं दार उघडलं.

मी पळत पुढं झाले, पण सर माझी वाट बघत नव्हते. दोन्ही पाय एकदम बाहेर, मग दाराला धरून वर. अगदी मी शिकवलं तसं, फक्त उलट क्रमानं आणि संतापानं. मी वॉकर पुढं सरकवला. सर वॉकर घेऊन सरळ अप्पांवर चालून गेले. अप्पा एक एक पाऊल मागं सरत होते, बांधाच्या दिशेनं.

"मी शिकवलं? नेपोलियन सिल्लोडला?"

"मंग कुठं गेलता सर?"

"अरे तो हिंदुस्थानात आलाच न्हाई की."

"असं कसं, सर. मला चांगलं याद हाय."

वॉकरचे पाय काळ्या मातीत रुतत होते. सर ते उपटून पुढं टाकत होते. मी त्यांच्या कमरेमागं हात धरून चालत होते, न टेकवता. त्याला आम्ही गार्डिंग म्हणतो. पेशंट पडलाच तर झेलायचं, नाही पडला तर हात लावायचा नाही. दुसरं जास्त अवघड असतं. काकू तोंडाला पदर लावून मागून येत होत्या.

बांध आला. खाली नदी होती, या काठाला एका गावाची झाडं, त्या काठाला दुसऱ्या गावाची. सर थांबले. धाप लागली होती, पण डोळे त्या पाण्यावरून हलत नव्हते. राग कुठल्या कुठं गेला.

"वाटाडे सांगत होते, हितं उतार न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या सेनापतीनं बघितलं. ह्या काठाला एक गाव." त्यांनी एक हात वर केला. "आन बरोबर समोर, त्या काठाला दुसरं." दुसरा हात वर केला. "म्हणला, दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसलीत आन एकमेकाकडं जात न्हाईत, असं होईल का? उतार असणारच. आन होता."

वॉकर बाजूला एकटाच उभा होता. सर दोन्ही हात पसरून स्वतःच्या दोन पायांवर उभे होते, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. मी काकूंना खुणेनं गप्प राहायला सांगितलं. मला स्वतःला मात्र रडू आलं. आमच्या धंद्यात हे बरं दिसत नाही, पण आलं.

परत येताना सरांना बाजेवरून आणलं. थकले होते आणि मीही काही राक्षस नाही.

रविवारी मिलिंद आला. डिकीत पुण्याहून आणलेली नवी कोरी व्हीलचेअर होती. त्यानं बेल वाजवली. दार सरांनी उघडलं. वॉकर घेऊन, हळूहळू, बराच वेळ लावून, पण एकट्यानं. काकू सांगतात, मिलिंद बाहेर उभा राहून नुसता बघत राहिला आणि मग बाबांच्या पाया पडला. पुण्याचा विषय त्यानं काढला नाही. व्हीलचेअरवर आता काकू धुणं घालून अंगणात नेतात.

पुढच्या भेटीत मी सरांपाशी अप्पांची चेष्टा केली. म्हणाले, "सर, तुमचा विद्यार्थी इतिहासात एवढा ढ कसा निघाला?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"नागनाथ? इतिहासात त्याच्याएवढे मार्क माझ्या हातून कुणालाच गेले न्हाईत."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"तुझा पूल पण कळला होता की पोरी. तू तर लईच कच्ची हायस खोटं बोलायला." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पर नागनाथचं तसं न्हाई. एवढा मोठा माणूस. त्यानं माझ्यासाठी चारचौघांत ढ व्हायचं ठरवलं. मग बसून राहायची लाज वाटली मला."

तेव्हापासून मी नवा पेशंट घेतला की आधी घरच्यांना बाहेर बसवते आणि सांगते, याला उचलू नका. अगदीच राहवलं नाही तर याच्यासमोर काहीतरी चुकीचं बोला.