भुकेचा स्लोव्हाक शब्द

माळा आवरताना दादाची जुनी वही सापडली. पानांना अजून डांबराच्या गोळ्यांचा वास होता. एका बाजूला इंग्रजी शब्द, समोर स्लोव्हाक. स्लोव्हाकियातल्या कारखान्यात त्याला नोकरी लागली होती आणि आई महिनाभर त्याच्याशी धड बोलत नव्हती. तेव्हा एका संध्याकाळी वाकोल्याच्या आमच्या खोलीत मी त्याचं पाठांतर घेत होते.

‘वॉटर?’

‘वोदा.’

‘हँड?’

‘रुका.’

मेथी निवडता निवडता आईने विचारलं, ‘भूक लागली, हे कसं म्हणायचं रे?’

‘तिथे कॅन्टीन आहे गं.’

‘तरी बघ.’

दादाने फोनवर शोधलं. ‘सोम ह्लाद्नी.’

आईने ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. यंत्रांचे शब्द राहिले म्हणून मी वैतागले होते. तिने त्याला जायला परवानगी दिली ती तेव्हाच, हे मला फार उशिरा कळलं.