आंबदऱ्याचा आ

बसलिंगप्पाला तोंडावर सगळे आप्पा म्हणत आणि पाठीमागं खटखट आप्पा. हे नाव मशीनच्या आवाजावरून पडलं, असं आप्पाला वाटे. लोकांच्या मनात मात्र त्याच्या बोलण्याची तऱ्हा असायची. समोर माणूस बसला की आप्पा मान वर न करता तीन शब्द टाकायचा, "नाव. गाव. गाऱ्हाणं." माणूस "काय सांगू आप्पा, औंदा आमच्या हिरीला पाणीच" अशी सुरुवात करायचा, तर आप्पा बोट वर करून त्याला पुन्हा पहिल्या शब्दावर आणायचा. "नाव."

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि नांदेडला जाऊन मराठी टायपिंगची तिसाची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा पास झालेला. कालपर्यंत ज्याला एका कागदासाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागे, तो माणूस आता लातुरात सकाळी अर्ज देऊन संध्याकाळी घरी जेवायला जाऊ लागला. त्यामुळं ज्यांना काही गाऱ्हाणं नव्हतं त्यांनाही गाऱ्हाणी सुचू लागली. कचेरीसमोरच्या लिंबाखाली आप्पानं मशीन मांडलं आणि नव्या जिल्ह्याच्या पहिल्या पाच-सात वर्षांतले अर्ज बहुतेक त्याच्याच बोटांखालून गेले. पुढं तो आपल्या तालुक्याला परतला आणि तहसीलसमोर दुकान टाकून बसला. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला. बोटं तीच राहिली.

त्या बोटांचं एक सांगायला हवं. मराठी मशीनवर 'आ' नावाची कळच नव्हती. आधी अ मारायचा, मग काना. कागदावर उतरला की तो आ. अक्षरं अशी तुकड्यातुकड्यानं जुळवायची, गवंडी विटेला वीट लावतो तशी. कागदाला कुठं कळतंय वीट किती आणि भिंत किती. आप्पाला याचा भारी अभिमान. डोळ्याला जे बरोबर दिसतं ते बरोबर, असा त्याचा हिशेब, आणि चौतीस वर्षं तो कधी चुकला नव्हता.

मग सोळा सालचा उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ते दिवस. तालुक्यात गावागावातून टँकरचे ठराव येऊन पडले होते आणि तहसीलमध्ये कॉम्प्युटरला एकटी तारामती. ही पोरगी नांदेडकडची, नायगावची. तिच्या टेबलावर इतके कागद साचले होते की कागदांच्या मागून नुसता आवाज यायचा, "करून राहिले, करून राहिले." शेवटी नायब तहसीलदारांनी आप्पाला बोलावलं. या साहेबांना प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एक प्रश्न बांधायची सवय होती. त्रेचाळीस गावांची यादी करायची, बरोबर? युनिकोडमध्येच करायची, बरोबर? चुका नकोत, बरोबर?

आप्पाच्या समजुतीत युनिकोड म्हणजे एक नवा फॉन्ट. त्याच्या कॉम्प्युटरवर तो विकणाऱ्यानं युनिकोड घालून दिलं होतं आणि कळा जुन्याच ठेवल्या होत्या, म्हाताऱ्या बोटांना त्रास नको म्हणून. आप्पानं एका सकाळीत त्रेचाळीस गावं मारली, दोनदा डोळ्यांखालून घातली आणि यादी देऊन आला. गावं त्याच्या ध्यानात राहत नसत, ओळी राहत. त्या यादीत आ-नं सुरू होणारं गाव एकच होतं, आंबदरा.

बेचाळीस गावांना टँकर सुरू झाले. आंबदऱ्याला आला नाही.

आठव्या दिवशी आंबदऱ्याच्या सरपंच धुरपताबाई आप्पाच्या दुकानात आल्या. साठीच्या, कपाळ मोकळं, पायातल्या चपलेला दोरी बांधलेली. त्यांनी सांगितलं ते असं. कचेरीत विचारलं तर साहेब म्हणतात, यादीत नाव नाही म्हणजे ठराव आलाच नाही, बरोबर? ठराव ग्रामसेवकाच्या हाती दिलेला, पोच काही घेतलेली नाही. गावात आता बोलणं चाललंय की सरपंचबाईनं कागद घरातच ठेवला. बाया तीन मैलांवरून डोक्यानं पाणी आणतात आणि येता-जाता त्यांच्या दाराकडं बघून बोलतात. गुरुवारी ग्रामसभा आहे. तिथं राजीनामा मागणार आहेत. त्याआधी पुन्हा एक अर्ज लिहून द्या.

दुकानात चार बाया निराधारच्या अर्जासाठी बसल्या होत्या. कान देणारं माणूस असलं की आप्पाची जीभ सैल व्हायची. तो टाइप करता करता म्हणाला, "बाई, सरपंच व्हायचं म्हंजे नुसतं खुर्चीवर बसायचं न्हाई. कागद येळेवर द्यावा लागतो. तुमच्या आळसापायी गाव तहानंनं मरून राहिलंय."

"कागद दिला व्हता आप्पा," धुरपताबाई म्हणाल्या.

"मग काय कागदाला पाय फुटले?"

बाया हसल्या. धुरपताबाईंनी पदर सारखा केला आणि अंगठा नव्हे, चांगली मोठमोठ्या अक्षरात सही केली. त्या गेल्यावर आप्पाला आपला मोठेपणा इतका दाटून आला की अर्ज घेऊन तो स्वतःच रस्ता ओलांडून कचेरीत गेला.

तारामतीनं आपली मोठी यादी उघडली. त्यात तालुक्यातली सगळी गावं आणि लोकसंख्या होती. आप्पाची यादी ती याला जोडून द्यायची, कॉम्प्युटर नावाला नाव लावायचा आणि किती खेपा ते काढायचा. जुळलं नाही ते गळून जायचं. तिनं आप्पाच्या यादीत 'आंबदरा' शोधायला टाकलं. सापडलं नाही.

आप्पानं चष्मा वर केला आणि पडद्यावर बोट ठेवलं. हे काय, सतरावी ओळ. आंबदरा. ठळठळीत.

तारामती त्या ओळीकडं बघत राहिली. मग तिनं पहिल्या अक्षरामागं कर्सर नेला आणि खोडायची कळ दोनदा दाबली. पहिल्यांदा अनुस्वार गेला. दुसऱ्यांदा, खरा आ असता तर सगळा गेला असता. इथं नुसता काना पुसला गेला आणि अ तिथंच उभा राहिला.

"आप्पा, हा आ न्हाई," ती हळू म्हणाली. "अ हाय आन् त्याला चिटकवलेला काना हाय. आपल्याला सारखंच दिसतंय. ह्याला दोन येगळे नंबर दिसतात."

नांदेडच्या ट्रेनिंगमध्ये एका सरांनी हे शिकवलं होतं. सरांची नक्कलही तिनं करून दाखवली, "ओके? क्लिअर?" चिनी लोकांची म्हणे हीच गत. त्यांची अक्षरं तुकड्यांची बनतात. जगाच्या अक्षरांच्या यादीत, म्हणजे युनिकोडमध्ये, अख्ख्या अक्षराला एक नंबर आणि तेच अक्षर नुसता तुकडा म्हणून सुटं दाखवायचं असेल तर त्याला दुसरा. काही ठिकाणी दोन्ही डोळ्याला हुबेहूब. चुकीचा नंबर टाकला की माणूस वाचतो आणि मशीनला सापडत नाही. आप्पाला एरवी गंमत वाटली असती. आत्ता त्याचे कान तापले होते.

तारामतीनं आ नीट मारला. लगेच पुढं आकडे उमटले, लोकसंख्या एवढी, खेपा दोन. उद्या सकाळी टँकर लागेल, ती म्हणाली. आणि दाराकडं बघून आवाज उतरवला. "कुणाला सांगू नका. मी पण न्हाई सांगत. कशाची चूक ते इथं कुणाला कळून राहिलंय?"

कुणाला कळणार नव्हतं हे खरंच होतं. दोन दिवस आप्पा त्याच आधारावर जगला. टँकर गेला, मग झालं की. पण गिऱ्हाईक समोर बसलं की "नाव" म्हणून पुढचा शब्दच निघेना. रात्रीचं ताट तसंच सरकवलं तेव्हा नीलाबाई, त्याची बायको, माहेरच्या कानडीत काही पुटपुटली आणि मग मराठीत म्हणाली की पोट बिघडलं असेल तर ताक घ्या, मन बिघडलं असेल तर माझ्या स्वयंपाकावर राग काढू नका. बुधवारी दुकानात आंबदऱ्याचा एक माणूस आला. टँकर आला म्हणाला, पण आठ दिवस बाईनं तरसवलं, उद्या तिला खाली उतरवतोच. आप्पानं त्याचा अर्ज मारून दिला.

गुरुवारी तो एसटीनं आंबदऱ्याला गेला.

समाजमंदिरात सभा भरलेली. व्यंकटराव म्हणून एक जण उभं राहून बोलत होते, उपसरपंच होते ते. आप्पा मागं टेकून उभा राहिला, मग चपला काढून पुढं गेला आणि म्हणाला, ठराव बाईनं दिला होता, यादी मी केली होती, चूक माझी आहे. आ कसा मारायला हवा होता आणि कसा मारला गेला ते तो सांगू लागला. हवेत अ काढला, काना काढला. लोक एकमेकांकडं बघू लागले. व्यंकटरावांनी त्याला मध्येच थांबवलं आणि सभेला विचारलं की सायबानं बिचाऱ्याला पढवून पाठवलंय, कळतंय ना? बाईला वाचवायचं तर चूक अंगावर घेणारा माणूस पाहिजे, म्हणून म्हातारा धरला. मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या गावाचं नाव बरोबर लिवलं असंही म्हणतोय आन् लिवलं नव्हतं असंही म्हणतोय.

आप्पा तिथंच उभा. खरं बोलायला आलेला माणूस खोटा ठरला होता, आणि तोही दुसऱ्याच्या वतीनं.

धुरपताबाई बसल्या जागेवरून बोलल्या. "त्यांना कुणी पाठवलं न्हाई. मला कळलं ते काय म्हणतात. पन्नाशीत अक्षरं शिकले मी. आदी म्या बी असंच केलं. पाटीवर बाईनं काढलं तसंच काढायची, आन् बाई म्हणायची, हे लिवलं न्हाई, हे चित्र काढलं." त्या आप्पाकडं वळल्या. "आमच्या गावाचं चित्र काढलं तुमी."

"हाव," आप्पा म्हणाला.

"ते ऱ्हाऊ द्या. माणूस चुकतंय. दुकानात मला काय बोललात ते सांगा."

आप्पानं मान खाली घातली. कडक बोललो, म्हणाला.

"तसं न्हाई. बोललात तसं बोला. हितं बी बाया हायत."

आप्पानं ते वाक्य म्हणायला घेतलं आणि त्याचा स्वतःचाच दुकानातला आवाज गळ्यात आला, तोच ठसका, शेवटी तोच हेल. खुर्चीवर बसायचं न्हाई. कागद येळेवर द्यावा लागतो. तुमच्या आळसापायी. इथं तो थांबला. धुरपताबाई वाट बघत राहिल्या. त्यानं राहिलेलं सगळं म्हटलं, कागदाच्या पायांचंही. या वेळी कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं, सरजाबाई नावाची होती, पदर तोंडाला लावला आणि धुरपताबाईंकडं बघणं टाळलं. तिनंही दारावरून जाताना असलंच काही म्हटलं असणार.

व्यंकटराव खाली बसले. राजीनाम्याचं कुणी पुन्हा काढलं नाही. माफ केलं असंही कुणी म्हटलं नाही. धुरपताबाईंनी पुढचा विषय घेतला, टँकर हिरीत सोडायचा का दारोदारी, आणि बघता बघता सगळे त्यावर भांडू लागले. आप्पा चपला घालून फाट्यावर आला. परतीची एसटी पाचला होती आणि आत्ता कुठं दोन वाजत होते. तिथं सावली नव्हती. तो तसाच उन्हात उभा राहिला. तीन तास कसे जातील याचा विचार करण्यापेक्षा जातील तसे जाऊ द्यावेत, एवढंच त्याला तेव्हा बरं वाटलं.