देसाईकाकांची गाडी आणि मुग्धाचं वय

आमच्याकडे शुक्रवारी नाश्त्याला कुणी नवीन माणूस आला की त्याच्या पुढ्यात पोह्यांच्या आधी किस्से येतात. रियाधमधली आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं इतकी वर्षं एकमेकांची तोंडं बघतोय की नवीन काही घडलं नाही तरी जुनंच फुगत जातं. त्यात गेल्या वर्षी देसाईकाकांची गाडी विकायला निघाली आणि साठा एकदम वाढला. मी हॉस्पिटलच्या लॅबमधली डॉक्टर, रिपोर्टमध्ये पदरचं काही घालायची मला सवय नाही. तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

*

देसाईकाकांची गाडी म्हणजे चौकोनी दिव्यांची, क्रीम रंगाची जुनी जपानी सेडान. काका इथे नोकरीला आले तेव्हा त्यांनी ती घेतली, आणि त्यानंतर आख्खं रियाध बदललं पण गाडी बदलली नाही.

गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट अजून ठीक होतं. शेजारच्या सीटपुढचं मात्र झिजून पार भोक पडलेलं. तिथे काकू बसायच्या. समोर काही दिसलं की काकांच्या आधी त्यांचा पाय खाली दाबला जायचा आणि तोंडातून "ब्रेक" बाहेर पडायचं. बायकांना इथे गाडी चालवायची परवानगी नव्हती त्या काळापासूनची ही सवय.

"स्टिअरिंग ह्यांच्या हातात असायचं," काकू सांगायच्या. "गाडी मीच चालवली."

काका रिटायर होऊन कायमचे रत्नागिरीला निघाले, तेव्हा प्रश्न आला. नावावर गाडी असेल तर इथून फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं जायची परवानगी, मिळत नाही. गाडी कुणाच्या तरी नावावर करा, नाहीतर तशलीहला द्या. तशलीह म्हणजे भंगारातल्या गाड्यांचं मैदान. हा शब्द ऐकला की काका उठून बाल्कनीत जायचे.

आणि तेव्हाच मुग्धा म्हणाली, "काका, मला द्याल?"

*

मुग्धा आमच्याच हॉस्पिटलमधली नवी फिजिओथेरपिस्ट. हॉस्टेलच्या बसने यायची-जायची. बस वेळेवर सुटायची, मुग्धा नाही. इथलं लायसन्स तिला नुकतंच मिळालं होतं, त्याआधी सांगलीत तिने फक्त स्कूटी चालवलेली. पण त्या गाडीवर तिचा जीव जडला होता. काका तर इतके खूश झाले की त्यांनी तिला लगेच कार्ब्युरेटर समजावायला घेतला.

आता गाडी तिच्या नावावर व्हायची तर आधी तिच्या नावाने विमा हवा. इथे त्याला तामीन म्हणतात. आणि विमा म्हटलं की आमच्यात एकच माणूस, जोगळेकर.

जोगळेकर विमा कंपनीत अ‍ॅक्चुअरी आहेत, म्हणजे कोण किती आपटणार याचा आधीच हिशेब मांडून ठेवणारा माणूस. त्या शुक्रवारी ते पोह्यांचा दुसरा हप्ता घेत होते. मुग्धाने विचारलं, "सर, स्वस्तात विमा कुठे मिळेल?"

"वय किती?"

"चोवीस."

"लायसन्स?"

"महिना झाला."

"गाडी?"

मुग्धाने खिडकीतून खाली बोट दाखवलं. जोगळेकरांनी चमचा खाली ठेवला. इतक्या वर्षांत पोहे संपायच्या आधी त्यांनी चमचा ठेवलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता.

"अशा केससाठी आमच्याकडे रेट नाही," ते म्हणाले. "अशा केसने परत येऊ नये म्हणून रेट असतो."

"तो रेट कोण ठरवतं?" काकूंनी विचारलं.

जोगळेकरांनी पाणी मागितलं.

*

मग आम्ही सगळे कामाला लागलो. मराठी माणसं मदतीला धावली की काय होतं ते मुग्धाने अनुभवलं. बँकेतल्यांनी बँकेतून चौकशी केली, आयटीवाल्यांनी वेबसाइटी उघडल्या, आणि सगळ्यांनी एकमुखाने फुल विमा मागितला. आपल्या काकांची गाडी, तिला अर्धवट विमा कसा चालेल? त्या वयाच्या गाडीला फुल विमा कुणीही देत नाही, हे आम्हाला आठ ठिकाणी नकार मिळाल्यावर कळलं. एका वेबसाइटवर तर मॉडेलच्या वर्षांची यादी काकांच्या गाडीपर्यंत पोचतच नव्हती. आमच्यातल्या एकाने गाडी थोडी तरुण दाखवायचं सुचवलं, तर काका म्हणाले, "का? तिला स्थळ बघायचंय का?"

शेवटी फक्त थर्ड पार्टी घ्यायची ठरलं आणि मी मुग्धाला घेऊन एका एजंटच्या दुकानात गेले. एजंट हैदराबादचा. त्याने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "मैडम, उमर?"

"मेरी या गाड़ी की?"

"दोनों की."

मुग्धाने दोन्ही सांगितली. त्याने टाइप केलं, आकडा आला, आणि त्याने तो आम्हाला वाचून दाखवण्याऐवजी स्क्रीनच आमच्याकडे वळवला. काका गाडी जितक्याला देत होते त्याहून विमा महाग होता.

"भाईसाहब," मुग्धा म्हणाली, "दोनों की उमर जोड़ के आधी कर लो. एकदम सही बैठेगी."

त्याने खरंच क्षणभर विचार केला. मग मान हलवली. "मैडम, मैं तो मान जाऊँ. सिस्टम नहीं मानता."

*

दरम्यान काका गाडी फहसला घेऊन गेले. फहस म्हणजे इथली गाड्यांची तपासणी. गाडी पहिल्या फटक्यात पास झाली, याचा काकांना झालेला आनंद मुलगा सीए झाला तेव्हाही झाला नसेल, असं काकू म्हणतात.

बाहेर एक सौदी तरुण गाडीभोवती फिरत होता. त्याने बॉनेटवरून हात फिरवला आणि काकांना जी किंमत सांगितली ती ऐकून काका गाडीत जाऊन बसले. रोख, आत्ताच्या आत्ता. मुग्धाला देणार होते त्याच्या चौपट.

काका म्हणाले, "घेऊन करणार काय?"

तरुणाने आनंदाने हातानेच दाखवलं. वाळवंटात गाडी कशी गरागरा फिरवायची, टायरमधून धूर कसा काढायचा, मित्र कसे टाळ्या वाजवतील.

काकांनी शांतपणे काच वर केली आणि घरी आले. काच हाताने फिरवून वर करायची असल्याने त्याला वेळ लागला, आणि तेवढ्यात तरुणाने किंमत आणखी वाढवली. घरी काकूंनी हे ऐकलं, आणि काकांना न मागता दुसरा चहा दिला.

*

विमान पंधरा दिवसांवर आलं. गाडी काकांच्याच नावावर. काका रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडी पुसायचे.

त्या शुक्रवारी काकूंनी सगळ्यांना पोहे वाढले. जोगळेकरांना फक्त चहा.

"काकू, पोहे?"

"तुमच्या वयाला रेट नाही."

जोगळेकर कासावीस झाले. म्हणाले, "अहो, माझ्या हातात असतं तर मी नसतं का केलं? पंचविशी ओलांडली की रेट धाडकन खाली येतो. हिला अजून नऊ महिने आहेत. मी काय करू?"

काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे वय कसं मोजतात? हिजरी की आपलं?"

काकूंच्या पहिल्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, त्यांची जन्मतारीख हिजरीत होती. हिजरी वर्ष आपल्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे काकू सरकारदरबारी जवळजवळ दोन वर्षांनी मोठ्या. हे दुःख त्या कधी विसरल्या नव्हत्या.

जोगळेकरांनी कप बशीत ठेवला. मग चहाकडे बघत म्हणाले, "आमची सिस्टीम जुनी आहे. ती हिजरीच मोजते."

काकूंनी बोटांवर हिशेब केला, आयटीवाल्यांनी मोबाइलवर. मुग्धाला चोवीस पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. हिजरीने ती येत्या मंगळवारी पंचवीस पूर्ण करत होती.

मंगळवारी काकूंनी श्रीखंड केलं आणि मुग्धाला ओवाळलं. मग तिने मोबाइलवर जोगळेकरांच्या कंपनीचं पान उघडलं, आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून वाकलो. आकडा निम्म्याहून खाली आला होता. परवडणारा!

जोगळेकर पुटपुटले, "हा सिस्टीममधला दोष आहे. रिपोर्ट करावा लागेल."

"दोष नाही, वाढदिवस आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी जोगळेकरांच्या वाटीत श्रीखंड वाढलं. दोन वाट्या खाऊन झाल्यावर जोगळेकरांनी रिपोर्टचा विषय परत काढला नाही.

*

गाडी नावावर झाली त्या दिवशी काकांनी मुग्धाला किल्ली दिली. देताना बरंच काही सांगणार होते, पण एवढंच म्हणाले, "थंडीत चोक ओढायचा. आणि घाई करायची नाही तिला." मला रडू आलं. धूळ खूप आहे आज, असं म्हणून मी वेळ मारून नेली. आकाश अगदी स्वच्छ होतं.

*

आणि आता विमानतळाचा किस्सा.

काका-काकूंना सोडायला मुग्धाच जाणार, हे ठरलेलंच होतं. काकू नेहमीच्या जागी पुढे, काका आयुष्यात पहिल्यांदा मागे. जोगळेकरांना ते पसंत नव्हतं. "नवीन ड्रायव्हर, जुनी गाडी, हायवे," ते म्हणाले. "मी मागून येतो. काही झालं तर मी असेन." त्यांच्या नव्या कोऱ्या, फुल विम्याच्या मोठ्या गाडीत आम्ही बॅगा भरल्या आणि शेजारी मी बसले.

मुग्धा संथ, सरळ, आपल्या लेनमधून चालली होती. जोगळेकर मागून तिच्यावर लक्ष ठेवून होते आणि मला समजावत होते.

"बघा डॉक्टर, प्रश्न तरुणांच्या हाताचा नाही, लक्षाचा आहे. पंचविशीच्या आतला माणूस समोर बघतच नाही. गाडी चालवताना गप्पा मारतो. शेजारच्याकडे बघून बोलतो." हे सगळं ते माझ्याकडे बघून बोलत होते. "आणि पुढे सिग्नल..."

पुढे सिग्नल पिवळा झाला होता. पुढच्या गाडीत काकूंचा पाय खाली दाबला गेला आणि त्या म्हणाल्या, "ब्रेक." मुग्धा आज्ञाधारक मुलगी. तिने ब्रेक मारला.

मग आवाज झाला.

आम्ही खाली उतरलो. जोगळेकरांच्या गाडीचं नाक रस्त्यावर पडलं होतं, सगळं प्लास्टिकचं. काकांनी रुमाल काढून आपल्या, म्हणजे मुग्धाच्या, लोखंडी बंपरवरचा डाग पुसला. डागाखाली साधा पोचाही नव्हता. जोगळेकर सारखे म्हणत होते, "पिवळ्यालाच थांबली हो ती, पिवळ्यालाच."

अपघात नोंदवणारा तरुण अधिकारी आला. त्याने फोटो काढले, दोन्ही गाड्यांकडे पाहिलं आणि जोगळेकरांकडे बोट करून म्हणाला, "हंड्रेड परसेंट फॉल्ट. खलास." विमानाला भरपूर वेळ होता, कारण देसाईकाका विमानतळावर तिथल्या कर्मचाऱ्यांच्याही आधी पोचणारे.

तेवढ्यात पुढच्या गाडीची काच हळूहळू, हाताने फिरवत, खाली आली. काकूंनी डोकं बाहेर काढलं.

"जोगळेकर," त्या म्हणाल्या, "वय किती हो तुमचं? कुठल्याही कॅलेंडरने सांगा."